दोन मग सिमेंट

मित्रांनो, मी काँक्रीटचा एक जुना ठोकळा आहे आणि मी पृथ्वी वाचवली आहे. हे मी म्हणत नाही, माझ्या पायाशी बसवलेली पितळी पाटी म्हणते. तिच्यावर ‘उद्याच्या जगाचा पहिला दगड’ असं कोरलं आहे. पृथ्वीला याबाबत अजून काही कळवण्यात आलेलं नाही आणि पाटीचा एक स्क्रू पहिल्या दिवसापासून तिरका आहे. पण प्रयोगशाळेच्या दर्शनी दालनात, काचेच्या कपाटात, वरून दिवा सोडून मला ठेवलं आहे. दिवा सोडलेल्या वस्तूवर माणसं सहसा शंका घेत नाहीत.

माझी लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर. वजन आठ किलोच्या आसपास. सहाही बाजूंना चेहरा सारखाच, त्यामुळे शरम वाटली तर तोंड लपवायची सोय नाही. आणि शरम मला रोज वाटते. सकाळी दिवा लागला की सुरू होते, संध्याकाळी दिवा मालवला की अंधारात जरा बरं वाटतं.

माझ्या घराण्याबद्दल अभिमानाने सांगावं असं फारसं नाही. शहराच्या कडेला खाण आहे. जमिनीतून दगड काढायचा, दळायचा, त्यातला चिमूटभर धातू काढून घ्यायचा आणि उरलेला गाळ मागे नेऊन टाकायचा, असा तिथला खाक्या. त्या गाळाचा ढीग चाळीस वर्षांत टेकडीएवढा झाला. त्याच्यावर धड गवतही उगवलं नाही. वारा सुटला की वस्तीतल्या बायका दोरीवरचे कपडे आत घेत आणि ढिगाच्या नावाने बोटं मोडत. ते माझं आजोळ. वडिलांकडचं घराणं लोखंडाच्या भट्टीचं. लोखंड वितळलं की दुधावर साय यावी तसा त्यावर मळ येतो. तो काढून फेकतात. त्याला स्लॅग म्हणतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी मी टाकाऊच.

ही सोयरीक जमवली बाईंनी. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख शास्त्रज्ञ. पन्नाशीच्या, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली, आणि ती सापडत नाही म्हणून दिवसातून दोनदा सगळं टेबल उपसणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. सिमेंट करायला चुनखडी भाजावी लागते. भाजताना इंधनाचा धूर निघतोच, शिवाय चुनखडीच्या पोटात दडलेला कार्बनही बाहेर पडतो. जगभर लोक घरं बांधतात आणि आभाळ तापवतात. त्यापेक्षा जे आधीच भट्टीत भाजून झालं आहे आणि जे आधीच खणून झालं आहे, तेच दळून वापरलं तर काय बिघडलं? अकरा वर्षं बाईंनी तो गाळ आणि तो मळ एकत्र दळला, थोडा चुना मिसळला, प्रमाणं बदलली, वह्या भरल्या. शेवटी एक राखाडी पावडर तयार झाली. पाणी घातलं की ती दगड होत असे. तिच्यात खोट एकच होती. तिला घाई नव्हती. साधं सिमेंट अठ्ठावीस दिवसांत जी ताकद धरतं, ती धरायला ही तीन महिने घेई. मग मात्र थांबत नसे, वाढतच जाई.

प्रत्यक्ष ठोकळे पाडायचं काम अण्णांचं. अण्णा प्रयोगशाळेतले सहाय्यक, सव्वीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला वर्ष उरलेलं. साच्याला तेल लावणं, काँक्रीट मळून तीन थरांत भरणं, प्रत्येक थराला सळईचे पस्तीस ठोके देणं, दुसऱ्या दिवशी साचा उघडून ठोकळा पाण्याच्या टाकीत सोडणं, हे ते सव्वीस वर्षं करत होते आणि ठोके मोजताना त्यांनी कधी कुणाच्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं. सहा ठोकळ्यांची मागणी असली तरी ते सात पाडत. तीन सातव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायला, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायला, आणि घमेल्यात उरलेल्या मालाचा सातवा. मळलेलं टाकायचं नाही, हा त्यांच्या आईचा नियम. तो पिठाबद्दल होता, पण अण्णांनी काँक्रीटलाही लावला.

मी तो सातवा.

पण कुठल्या घाण्यातला सातवा, तिथे सगळी मेख आहे. खरी भावंडं माझ्याआधी जन्मली होती. बाईंची पावडर तपासायला मोठ्या साहेबांची समिती येणार होती. तिच्यासमोर अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे फुटायचे होते आणि ताकदीचा आकडा तीसच्या वर यायला हवा होता. तीसच्या वर आला तर खाणीच्या दवाखान्याच्या पायऱ्या या पावडरीच्या होणार, मग शाळा, मग रस्ते. खाली आला तर फाइल बंद. बाईंनी प्रमाण लिहून दिलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यांना कांजिण्या झाल्या. नातीने आणल्या आणि आजीला दिल्या. बाई पंधरा दिवस घरी.

अण्णांनी बाईंच्या कागदाबरहुकूम सात ठोकळे पाडले. सातव्या दिवशी तीन दाबयंत्रात घातले. यंत्राचा काटा नऊवर गेला आणि ठोकळा बिस्किटासारखा बसला. दुसरा नऊ. तिसरा साडेआठ.

सव्वीस वर्षांत अण्णांनी असा आकडा पाहिला नव्हता. सातव्या दिवशी नऊ, तर अठ्ठाविसाव्या दिवशी काय डोंबल होणार? त्यांना बाई दिसल्या. अकरा वर्षं दिसली. समितीसमोर केसातली पेन्सिल शोधणाऱ्या बाई दिसल्या. त्यांनी फोन केला नाही. आजारी माणसाला काय त्रास द्यायचा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवा घाणा मळला. टाकीवरचा निळा प्लॅस्टिकचा मग घेतला, कोपऱ्यातल्या गोणीत घातला आणि साधं सिमेंट दोनदा ओतलं. त्या घाण्यातून मी झालो.

हे मला कसं कळलं म्हणाल, तर त्या पहिल्या घाण्यातल्या उरलेल्या चौघांनी सांगितलं. नियमाप्रमाणे अण्णांनी त्यांना फेकायला हवं होतं. पण मळलेलं ज्यांना टाकवत नाही, त्यांना घडवलेलं कुठून टाकवणार? त्यांनी चौघांवरचे नोंदीचे अंक खरडून काढले आणि त्यांना टाकीच्या तळाला ढकललं. वर आम्हाला सोडलं. अठ्ठावीस दिवस आम्ही एकाच पाण्यात होतो. मी वर, दिसायला देखणा, कडा सुरीसारख्या. ते खाली, मऊ, कोपरे झडलेले. मी त्यांच्यावर हसलो होतो, मित्रांनो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

समिती आली. माझी तीन भावंडं एकामागून एक फुटली. पस्तीस, छत्तीस, सदतीस. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. कांजिण्यांचे डाग अजून कपाळावर असलेल्या बाईंनी वाकून यंत्राचा काटा पुन्हा वाचला. मग हसल्या. मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं, आणि अण्णा फरशीवरचा चुरा गोळा करू लागले.

“एक शिल्लक असेल ना?” साहेब म्हणाले. “तो ठेवा समोर. लोकांना दाखवायला काहीतरी लागतं.”

असा मी कपाटात आलो.

माझी कीर्ती झाली. पाहुणे येत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. एकदा शाळेची सहल आली. शिक्षकांनी मुलांना माझी माहिती दिली. टाकाऊतून टिकाऊ वगैरे. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मागे उभ्या असलेल्या, दोन वेण्यांपैकी एक सुटलेल्या मुलीने विचारलं, “सर, याला फोडलंय का?”

“नाही, हा नमुना आहे.”

“मग हा पास झाला हे कसं कळलं?”

शिक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि बस लागली आहे असं सांगितलं. त्या मुलीइतका नेमका प्रश्न समितीतल्या नऊ जणांपैकी एकालाही पडला नव्हता. आमच्यात जो पास होतो तो फुटतो. जो अखंड उरतो, तो परीक्षेलाच बसलेला नसतो.

दोन महिन्यांनी दवाखान्याच्या पायऱ्यांचं काम निघालं. गवंडी कोण घ्यायचा असा प्रश्न आला तेव्हा अण्णांनी दाजींचं नाव सुचवलं. दाजी म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकोणचाळीस वर्षं गवंडीकाम, आणि ओळंबा लावल्याशिवाय घरातली तसबीरही न टांगणारा माणूस. दाजींनी बाईंच्या चिठ्ठीप्रमाणे पावडर मोजली, मळली, भरली. पायऱ्या झाल्या. अठ्ठावीस दिवसांनी तपासनीस आला. त्याने हातोडीच्या यंत्राने पायरीवर ठोकून पाहिलं. आकडा आला एकोणीस. त्याने खिशातलं नाणं काढून पायरीवर ओढलं, तर रेघ उमटली.

प्रयोगशाळेत छत्तीस आणि जागेवर एकोणीस. याचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागला नाही. गवंड्याने पावडर खाल्ली. चाळीस वर्षं उघड्यावर पडलेल्या त्या ढिगाला एक चोर मिळाला नव्हता. आता सापडला, आणि तोही घरातलाच. दाजींना कामावरून काढलं. पायऱ्या फोडायचा कागद निघाला आणि दुसऱ्या खात्याकडे गेला. वस्तीत दाजींना नवं नाव पडलं, ‘पावडरवाले’. अण्णांची ताई भावाकडे येईनाशी झाली. भांडण नव्हतं. नवऱ्याला चोर ठरवलेल्या कचेरीतला पगार ज्या घरात येतो, तिथे बसून चहा प्यायला तिला जमेना, इतकंच.

मग एका दुपारी दाजी आले. हे मी स्वतः पाहिलं. अंगावर धुतलेला सदरा होता, हातात टोपी. त्यांनी अण्णांना सांगितलं, “ते तुमचं रत्न बघायचंय मला. छत्तीसवालं.”

अण्णांनी कपाटाची किल्ली आणली. दाजींनी मला दोन्ही हातांत घेतलं. इतके पाहुणे आले, पण मला उचलून कुणी घेतलं नव्हतं. त्यांनी बोटाच्या पेराने मला ठोकलं. मग अंगठा माझ्या कडेवरून फिरवला. एक कड, दुसरी, तिसरी. सावकाश.

“साच्यातून कधी काढलास?”

“दुसऱ्या दिवशी,” अण्णा म्हणाले. “नेहमीसारखा.”

“दुसऱ्या दिवशी. आणि कड अशी सुटली?”

अण्णांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“माझ्या पायऱ्यांच्या फळ्या चार दिवस काढता येत नव्हत्या, मेव्हणे. पाचव्या दिवशी काढल्या, तरी कोपरा हातात आला. ही पावडर दुसऱ्या दिवशी अशी कड देत नाही. अशी कड कोण देतं, ते मला एकोणचाळीस वर्षं माहीत आहे.”

ज्या देखणेपणावर मी टाकीत मिजास केली, त्यानेच मी पकडला गेलो. दाजींनी मला जागेवर ठेवलं, पाटीशी समांतर राहील असं सरळ केलं.

“दाजी, मी...”

“ताईला नको सांगूस,” दाजी म्हणाले. “भावाचं तोंड बघायची नाही. मीही कुठे बोलणार नाही. मी बोललो तर लोक म्हणतील, चोर तो चोर, वर शिरजोर.” दारापाशी जाऊन ते थांबले. “पाणी मात्र मी रोज मारतोय त्या पायऱ्यांवर. सकाळ संध्याकाळ. कामावरून काढलंय, पाणी मारू नको असं कुणी म्हटलेलं नाही.”

त्यानंतर आठ दिवस अण्णांनी माझी काच पुसली. आधी आठवड्यातून एकदा पुसत, आता रोज पुसू लागले. मला ओरडून सांगावंसं वाटे, की फोडा मला, यंत्र शेजारच्या खोलीतच आहे. पण ठोकळ्याला वाचा नसते आणि ज्याला वाचा होती तो काच पुसत होता.

नवव्या दिवशी फडकं हातात घेऊनच अण्णा समोरच्या खोलीत गेले. बाईंचं दार नेहमीसारखं उघडं होतं.

“बाई, त्या ठोकळ्यांत मी साधं सिमेंट घातलं होतं.”

बाई चष्मा पुसत होत्या. “किती?”

पहिला प्रश्न ‘का’ नव्हता, ‘किती’ होता. शास्त्रज्ञ माणसं अशी असतात.

“दोन मग.”

“कुठला मग?”

“टाकीवरचा, निळा.”

“काठोकाठ?”

“पहिला काठोकाठ. दुसरा थोडा कमी.”

बाईंनी पेन्सिल शोधली, केसात सापडली, कागदावर काहीतरी मांडलं. “म्हणजे चौथ्या हिश्शाच्या वरच. बरं. आणि का?”

अण्णांनी सगळं सांगितलं. सातवा दिवस, नऊचा आकडा, कांजिण्या, समिती. शेवटी आवाज इतका खाली गेला की मला काचेमागून नीट ऐकू येईना.

“म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता, अण्णा.”

“तुमच्यावर होता, बाई. अठ्ठावीस दिवसांवर नव्हता.”

बाई उठल्या, कपाटातून जुनी वही काढली, एक पान उघडून अण्णांसमोर ठेवलं. “वाचा.”

अण्णांनी वाचलं. वाचून झाल्यावर ते खुर्चीत बसले. सव्वीस वर्षांत ते त्या खोलीत पहिल्यांदा बसले असावेत.

“सात दिवस, नऊ,” बाई म्हणाल्या. “नऊच यायला हवा होता. चार वर्षांपूर्वीच लिहिलंय मी. तुम्ही फोन केला असतात तर मी म्हटलं असतं, वा, बरोबर आलाय. समितीकडे मी नव्वद दिवस मागणार होते.”

“मग त्या दिवशी छत्तीस आल्यावर तुम्ही...”

बाईंनी वही मिटली.

“शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “विचारलं नाही. टाळ्या वाजत होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाजत होत्या.”

मला वाटलं होतं की या इमारतीत शरमेचा मक्ता एकट्या माझ्याकडे आहे.

“तो पहिला घाणा फेकलात ना?” बाईंनी विचारलं.

“चार आहेत. टाकीत, तळाला.”

“अजून?”

“केलेली वस्तू टाकवत नाही, बाई.”

बाई उठल्या आणि जवळजवळ पळतच टाकीकडे गेल्या. सहा महिने ते चौघे पाण्यात होते. वर काढले तेव्हा शेवाळलेले होते, कोपरे तसेच झडलेले. दाबयंत्र पलीकडच्या खोलीत आहे, त्यामुळे मला फक्त आवाज ऐकू आला. साधारण माझी भावंडं फुटली होती तितका वेळ गेला. आवाज आला नाही. आणखी वेळ गेला. मग आला. तोफेसारखा.

“सेहेचाळीस,” अण्णांचा आवाज.

दुसरा पंचेचाळीस. तिसरा सत्तेचाळीस. चौथा फोडायला अण्णांनी नकार दिला. तो त्यांनी पिशवीत घातला आणि संध्याकाळी ताईच्या घरी नेला. सोबत सगळी हकिगतही नेली. ताईने त्यांना दारातच उभं ठेवलं आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं, असं ते दुसऱ्या दिवशी बाईंना सांगत होते. मग म्हणाली, “आता आत ये, पिशवी जड दिसतेय.” तो ठोकळा सध्या त्यांच्या मोरीत पाण्याच्या पिंपाखाली आहे. पिंप डुगडुगायचं थांबलं आहे.

बाईंनी सगळं लिहून मोठ्या साहेबांकडे नेलं. अण्णांनी खाली सही केली होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

“म्हणजे पावडर चांगली निघाली की वाईट?”

“चांगली, साहेब. उशिरा, पण चांगली.”

“आणि तो कपाटातला?”

“तो खोटा आहे. फोडून टाकते.”

“छे छे,” साहेब म्हणाले. “पाटी केलेली आहे.”

अण्णांना लेखी समज मिळाली आणि ते ठरल्या तारखेला निवृत्त झाले. ‘गैरप्रकार आढळून आला नाही’ असं एका ओळीचं पत्र दाजींना आलं. माफीचा शब्द त्यात नव्हता, तो त्या छापील नमुन्यात बसत नाही. बाईंनी नव्वद दिवसांची चाचणी पुन्हा मागितली आहे. अठ्ठाविसाव्या दिवशीच आकडा मागणारी समिती त्यावर अजून विचार करते आहे. आणि मी कपाटात आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवला जातो आणि प्रत्येकाला मी फसवतो.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्याचं ऐकायचं तर एवढंच ऐका. सावकाश पिकणारं काही तुमच्या हाती आलं, तर त्याला ओलं ठेवा आणि थांबा. मायेपोटीसुद्धा त्यात मग ओतू नका. कुणाचा आकडा नऊ आला तर आधी विचारा, किती यायला हवा होता? आणि कधी सहलीला इथे आलात तर माझ्याकडे फार वेळ बघू नका. मला सहा तोंडं आहेत आणि एकही लपवता येत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांचं सांगायचं राहिलं. फोडण्याचा कागद दुसऱ्या खात्याकडे गेलेला असल्याने तो कुणाला थांबवता आला नाही. तीन महिने दाजींनी पाणी मारलेल्या त्या पायऱ्या फोडायला दोन दिवस लागले आणि यंत्राची तीन पाती मोडली. त्या जागी आता साध्या सिमेंटच्या पायऱ्या आहेत. त्याही दाजींनीच बांधल्या. जुन्या पायऱ्यांचा राडारोडा ट्रकने खाणीमागच्या ढिगावर नेऊन टाकला आहे.